जुन्या कागदांतील लढाया

विद्यार्थी मित्रांनो, जुन्या लढायांची माहिती कशी मिळते? जुन्या पत्रांतून! इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून अशी पत्रे जमवीत. पानिपतच्या काळातील पत्रांचा खंड त्यांनी १८९८ साली प्रसिद्ध केला. १९२६ साली धुळ्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आपल्या खानदेशात, धुळ्यातच आहे.

पानिपतावर १७६१ साली मराठ्यांचा तोफखाना इब्राहीमखान गारदी यांच्याकडे होता. त्या काळचे कागद मोडीत आहेत, तसे फारसीतही आहेत. फारसीची अक्षरे तुम्ही उर्दूत रोजच वाचता!

पदवीनंतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संरक्षणशास्त्राचे एम. ए. करता येते. तेव्हा उर्दू जपा आणि मराठीही मन लावून शिका. हे दोन्ही कागद वाचणारा अभ्यासक तुमच्यातून घडू शकतो.