केसिंगचे फूट मोजून घ्या

उन्हाळा तोंडावर आला की करवीर-हातकणंगल्याच्या रस्त्यांवर बोअरच्या गाड्या दिसायला लागतात. त्यांतल्या कित्येक थेट तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडहून आलेल्या असतात, पण आपला व्यवहार गावातल्या एजंटाशी होतो. तो एकच आकडा सांगतो, ड्रिलिंगचा फुटाचा दर. घासाघीसही त्यावरच होते. फुटामागे पाच रुपये सुटले की शेतकरी खूश. बिल फुगतं ते दुसऱ्या ओळीत, केसिंगच्या.

केसिंग म्हणजे वरची माती आणि मुरूम भोकात ढासळू नये म्हणून उतरवलेला पाईप. खाली घट्ट काळा पाषाण लागला की पाईप थांबतो आणि पुढचं साडेसहा इंची भोक बहुधा तसंच उघडं राहतं. आपल्याकडे पाषाणाला तोटा नाही. कोयनेजवळ रासाटीला भूकंपाच्या अभ्यासासाठी छिद्र घेतलं, तेव्हा ९३३ मीटरपर्यंत तोच लागला आणि मग ग्रॅनाइट. तेव्हा विचारायचं ते इतकंच, की दगड किती फुटांवर आहे.

हे गावागणिक बदलतं. माळावर, जिथे नांगराला दगड लागतो, तिथे दहा-वीस फुटांत काम भागतं. शिरोळकडे कृष्णा-पंचगंगेच्या काठाला गाळाची जमीन, तिथे फूट वाढतात. शाहूवाडी, राधानगरी, आजरा, चंदगड या पट्ट्यात जिथे वर जांभा आहे, तिथे खरी गंमत होते. जांभा दिसायला दगड, पण त्याच्याखाली चिकट माती असते आणि ती ओली झाली की भोकात उतरते. तिथे केसिंग शंभर फुटांपर्यंतही जाऊ शकतं.

ठोकळ हिशेब करू. ड्रिलिंग १०० रुपये फूट आणि सात इंची पीव्हीसी केसिंग ४०० रुपये फूट धरा. तीनशे फुटी बोअरचं ड्रिलिंग ३०,००० रुपये. माळावर २० फूट केसिंग म्हणजे ८,०००. जांभ्यात १०० फूट म्हणजे ४०,०००, बोअरपेक्षा पाईप महाग! लोखंडी पाईप घेतला तर केसिंगचा आकडा दीडपट-दुपटीवर जातो आणि वेल्डिंगचे वेगळे लागतात. डिझेल आणि लोखंडाच्या भावाबरोबर हे दर हलतात, म्हणून आकडे आपल्या गावचे घाला. हिशेबाची रीत हीच. तीनशे फुटांनंतर दर शंभर फुटांना ड्रिलिंगचा दर चढतो का, वरच्या मोठ्या भोकाचे पैसे निराळे आहेत का आणि जीएसटी धरलाय का, हे गाडी रानात यायच्या आधी वहीत लिहून घ्या.

पाईप कुठला घ्यायचा? माझं मत पीव्हीसीच्या बाजूने आहे, शिरोळच्या क्षारपड जमिनीत तर नक्कीच; तिथे लोखंड गंजतं. मात्र प्लंबिंगचा पाईप केसिंग म्हणून खपवतात, त्यापासून सांभाळा. बोअरच्या केसिंगसाठी आयएस १२८१८ हे वेगळं मानक आहे आणि ते पाईपच्या अंगावर छापलेलं असतं. छपाई पुसट असेल किंवा नसेलच, तर तो पाईप परत पाठवा.

गाडीचं काम सुरू झालं की धूळ, आवाज आणि बघ्यांची गर्दी यांत मोजमाप कुणाच्या ध्यानात राहत नाही. फसगत होते ती इथेच. पाईप आत जायच्या आधी जमिनीवर ओळीने मांडून घ्या, खडूने आकडे टाका, मोबाईलवर फोटो काढा. शेवटचा पाईप कापला तर उरलेला तुकडा टेपने मोजून वजा करा. खोलीचंही तसंच, एक रॉड किती फुटी आहे ते आधी मोजा आणि किती रॉड गेले त्याच्या रेघा ओढत बसा. घरातलं नववी-दहावीचं पोरगं हे काम चोख करतं.

दुसरी चलाखी उलट्या दिशेची असते. केसिंगचा दर ‘लमसम’ ठरलेला असला की एजंटाला पाईप वाचवायची घाई होते. ‘‘मालक, दगड लागला बघा,’’ म्हणून तो सुट्या धोंड्यावरच पाईप टेकवतो. पाईप घट्ट पाषाणात निदान दोन-तीन फूट रुतलेला हवा. बाहेर पडणाऱ्या भुकटीकडे बघा: तांबडी-पिवळी जाऊन ती एकसारखी काळपट-करडी झाली आणि तशीच येत राहिली, तर पाषाण खरा. पाईप अधांतरी राहिला तर पहिल्याच पावसाळ्यात गढूळ पाणी येतं आणि गाळाने मोटर अडकते. मग एकच इलाज, आतून बारीक पाईप सोडणे. त्यात व्ही-६ पंप मावत नाही, व्ही-४वर भागवावं लागतं.

खोलवर दोन पाषाणांच्या मध्ये लाल गेरूसारखा थर लागला, तर तोही ढासळतो. चालक ‘आतली केसिंग’ सुचवेल. ती खरोखर लागू शकते. तिचा दर आधीच विचारून ठेवलेला बरा.

आता पाईप आणि भोक यांच्यामधल्या पोकळीचं बघू. मुंबई हायसारख्या तेलविहिरीत एकात एक असे कितीतरी पाईप उतरवतात आणि प्रत्येकामागच्या पोकळीत सिमेंट भरल्याशिवाय पुढे खोदत नाहीत. आपण एका पाईपवर भागवतो आणि मागे मुरूम लोटून मोकळे होतो. त्या पोकळीतून गोठ्याचं, गटाराचं पाणी सरळ खाली जातं. निदान वरच्या दहा फुटांत सिमेंट ओता. नऊ इंची भोकात सात इंची पाईप असेल तर दोन गोण्या पुरतात, म्हणजे हजाराच्या आत-बाहेर खर्च. सगळ्या बिलात इतका सार्थकी लागणारा पैसा दुसरा नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांच्या रानात पाणी शिरलं, त्यांनी केसिंगचं तोंड पूररेषेच्या वर काढावं. ते जमणार नसेल तर पाणी शिरणार नाही असं झाकण बसवावं.

कागदाचा खर्च नगण्य, पण टाळू नका. २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात आधी विचारा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या सूचनांनुसार बोअर मारण्याआधी पंधरा दिवस प्रशासनाला लेखी कळवायचं असतं आणि केसिंगभोवती सिमेंटचा ओटा व तोंडाला पक्कं झाकण हवं.

आणि पाणी लागलं नाही तर? माती पाईपला धरायच्या आत, त्याच दिवशी केसिंग बऱ्याचदा ओढून काढता येतं. एजंट ते गुपचूप गाडीत टाकतो आणि पैसे मात्र पूर्ण घेतो. निघालेल्या पाईपचे किती वळते करणार, हे सौद्यातच ठरवा. पाईप निघाला की मागे उरतं ते उघडं, ढासळतं भोक, लहान पोर जाईल एवढं. ते दगड-मातीने तळापासून जमिनीपर्यंत भरल्याशिवाय गाडी रानाबाहेर जाऊ देऊ नका. शेवटचे पाच हजार तोवर खिशातच ठेवा.