अडकलेला स्कॅनर आणि खारा वारा

रेवदंड्यात एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कुंडलिकेची खाडी. किल्ल्याच्या तटाआडचं घर असो की पोफळीच्या वाडीतलं, खारा वारा आत येतोच. दाराच्या कड्या, पंख्याची जाळी, सायकलची साखळी, सगळ्यांवर त्याची खूण उमटते. घरातलं प्रिंट-झेरॉक्स-स्कॅन करणारं यंत्रही त्यातून सुटत नाही. माझा अनुभव असा, की प्रिंटर तग धरतो आणि स्कॅनर आधी अडकतो. आमच्या घरचे आणि शेजारपाजारचे असे स्कॅनर उघडून चालू करताना जे पक्कं कळलं, ते इथे मांडते.

१. अडकला म्हणजे गेला, असं समजू नका.
काचेखाली एक दांडी सरकते. तिच्यात लाल, हिरवे, निळे एलईडी आणि कागद वाचणाऱ्या सेन्सरची रांग असते. तिला सरकवायला छोटी मोटर, दातेरी पट्टा किंवा दातेरी पट्टी, एक रूळ, आणि माहिती वाहून नेणारी चपटी रिबन केबल. बहुतेक घरगुती स्कॅनरचा संसार एवढाच. माझ्या पाहण्यातले बहुतेक बिघाड सरकण्यातले होते, वाचण्यातले नव्हते. सरकण्यातला बिघाड डोळ्यांना दिसतो, म्हणून तो घरी दुरुस्त करता येतो.

२. स्क्रू ड्रायव्हर घेण्याआधी बघा आणि ऐका.
खोलीत अंधार करा, झाकण उघडा आणि यंत्र चालू करा. दांडीवर नजर ठेवा. दिवा लागला, दांडी अंगठाभर सरकली आणि थरथरत थांबली, तर वाटेत अडथळा आहे किंवा रुळावरचं ग्रीस घट्ट झालं आहे. मोटर गुणगुणते पण दांडी हलत नाही, तर पट्टा सुटला असेल किंवा गिअरचा दात गेला असेल. दांडी कडेला जाऊन टक-टक-टक आपटते, तर तिला आपली सुरुवातीची जागा सापडत नाही. बऱ्याच यंत्रांत काचेच्या खालच्या अंगाला कडेशी पांढरी पट्टी आणि तिच्यावर काळी खूण असते. दांडी ती वाचून जागा ओळखते. काच आतून धुरकटली की खूण दिसत नाही. आणि दिवाही नाही, आवाजही नाही, तर आधी रिबन केबलवर संशय घ्या.

३. वीज पूर्ण तोडा.
बटण बंद करणं पुरेसं नाही. पिन भिंतीतून काढा, थोडा वेळ जाऊ द्या, मग एक्स्टेंशन बोर्ड टाळून थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. पावसाळ्यात वीज सारखी जाते-येते. दांडी अर्ध्या वाटेवर असताना वीज गेली, तर यंत्र गोंधळून थांबतं. असा स्कॅनर पुष्कळदा एवढ्यानेच सुटतो.

४. घाम आला असेल तर सुकू द्या.
जुलै-ऑगस्टात काचेच्या आतल्या बाजूला बाष्प धरतं. झाकण उघडं ठेवून यंत्र कोरड्या खोलीत पंख्याखाली दिवसभर असू द्या. केस सुकवायच्या यंत्राचा गरम झोत मारू नका. काच चिकटवलेला गोंद सुटतो, प्लास्टिक वाकतं.

५. उघडताना क्रम सांभाळा.
आधी पिन पुन्हा भिंतीतून काढा. स्क्रू कोपऱ्यातल्या रबरी बुचांखाली किंवा स्टिकरखाली लपलेले असतात. काही चांदणीच्या खाचेचे असतात, त्यांना तसाच बिट लागतो. मी इडलीपात्र जवळ घेते आणि निघालेले स्क्रू क्रमाने एकेका वाटीत टाकते. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढते. शाईच्या टाक्यांचं यंत्र कधीही कलतं किंवा उभं करायचं नाही, काम सपाट टेबलावरच करायचं. वरचा भाग झटक्याने उचलू नका, त्याच्या केबल खाली जोडलेल्या असतात.

६. वाटेत काय आहे ते शोधा.
शेजारच्या काकूंच्या यंत्राची दांडी रोज एकाच जागी अडायची. उघडलं तेव्हा दातेरी पट्टीच्या खाचेत पालीच्या अंड्याचं टरफल चिकटलेलं होतं. वाटाण्याएवढं, पांढरंशुभ्र, चुन्यासारखं कडक. ओल्या कापसाने मऊ केलं, लाकडी दातकोरणीने सोडवलं, आणि दांडी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली. मुंग्यांची माती, स्टेपलरच्या पिना, कोळ्याची जाळी यांचीही शक्यता धरा. दांडी हाताने ढकलू नका. काही यंत्रांत मोटर दांडीवरच असते, तिथे जोर लावला तर दात तुटतात. मोटरजवळचा गिअर बोटाने हळूहळू फिरवा.

७. खोबरेल तेल नको.
कोकणात खोबरेल सगळ्यावर चालतं, पण इथे नाही. ते धूळ धरतं आणि चिकट होतं. शिवणयंत्राचं तेल पातळ असतं, ते पट्ट्यावर आणि काचेवर उतरतं. जुनं ग्रीस सुती फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, गंजाचे ठिपके घासून काढा, आणि प्लास्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं रुळावर पसरा. काचेखालची पांढरी पट्टी फक्त कोरड्या मऊ कापडाने टिपा. तिच्यावर डाग राहिला की प्रत्येक प्रतीवर उभी रेघ येते.

८. रिबन केबल जपून हाताळा.
तिच्या टोकांवर खाऱ्या हवेने काळपटपणा येतो. हात लावण्याआधी धातूच्या मोठ्या वस्तूला स्पर्श करून अंगातली स्थिर वीज घालवा. सॉकेटला कुलूपपट्टी असेल तर ती आधी उचला. टोक पुसून पूर्वीच्याच बाजूने, अगदी सरळ बसवा. तिरकं बसलं तर दांडी मुकी राहते.

९. कुठे थांबायचं ते ठरवून ठेवा.
जळका वास, फाटलेली केबल, तुटलेला गिअर किंवा वीजपुरवठ्याचा बोर्ड, यापैकी काही दिसलं की थांबा. अलिबागच्या जाणत्या कारागिराकडे न्या आणि तुमचं निरीक्षण त्याला सांगा. त्याचा वेळ वाचतो, तुमचे पैसे वाचतात. यंत्र खरोखर संपलं असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत प्रिंटर येतो. तो नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवा.

१०. पावसाआधी तयारी करा.
मे महिन्यात काच आणि रूळ साफ करा. पावसाळाभर आठवड्यातून निदान एकदा एक पान स्कॅन करा. सिलिका जेलच्या पुड्या शेजारी ठेवा, वर सुती कापड घाला. समुद्राकडच्या खिडकीखाली यंत्र कधीच ठेवू नका.

एवढी खटपट कशासाठी, असं कुणी विचारेल. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. नारळी-पोफळी आडव्या झाल्या, वीज कित्येक दिवस नव्हती. पुढे पंचनामे आणि अर्ज सुरू झाले, तेव्हा सातबारा, आधार, बँकेचं पासबुक यांच्या प्रती लागल्या, तेही करोनाच्या टाळेबंदीच्या धास्तीत. ज्यांच्या कपाटातले कागद भिजले त्यांचे हाल मी जवळून पाहिले. म्हणून वाडीचे फेरफार, खरेदीखतं, आजोबांच्या वेळचे मोडीतले कागद आजच स्कॅन करून दोन ठिकाणी जपून ठेवा. स्कॅनर चालू ठेवणं म्हणजे किनाऱ्यावरच्या घराच्या हक्काची राखण आहे. ते काम शिकून घ्या आणि शेजाऱ्यालाही शिकवा.