जामीनदाराची सही

‘‘ताई, तुमच्यात ख्रिस्ती प्रीती उरली नाही.’’ पतसंस्थेची नोटीस माझ्या हातात, आणि हे बोलणारा कर्जदार माझ्याच घरात, माझाच चहा बशीत ओतून सावकाश पीत बसलेला.

मंडळीतलाच माणूस. सही ‘नुसती नावाला’ हवी म्हणाला होता. हप्ते थकले, माझ्या पगारातून कपात सुरू झाली. विचारलं की एकच उत्तर : ‘‘प्रभू मार्ग काढील.’’ मार्ग माझ्या पगारातूनच निघत होता, त्यामुळे त्याला घाई नव्हती. मग एका रविवारी उपासनेत घोषणा झाली, की या बंधूंनी नवी दुचाकी घेतल्याबद्दल उपकारस्तुतीचं अर्पण दिलं आहे. पहिल्या बाकावर तो डोळे मिटून, हात जोडून बसलेला. म्हणजे देवाला दिलं तेही माझ्याच पैशातलं! बाहेर दारात ‘‘सलाम ताई’’ म्हणून हात पुढे केला. मी पर्स सावरत बाजूने निघून गेले, तर त्याचीही चर्चा झाली.

आता नाशिकरोडपासून शरणपूरपर्यंत ज्या कुणाला असा भाऊ भेटेल, त्याच्यासाठी लिहिते. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. ‘आधी त्याच्याकडे मागा’ हे म्हणणं सहसा चालत नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघाला की जामीनदाराच्या मालमत्तेवरही टाच येऊ शकते. नावाला काही नसतं. कागद वाचा, घरच्यांना विचारा, हे तर सगळेच सांगतात.

द्यायचंच असेल तर दान द्या, आणि परत आलं नाही तरी घरचा किराणा अडणार नाही इतकंच द्या. चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला उतारशाळेत नेलं, दोन दिनार दिले, वर लागेल ते परतताना देईन म्हणाला. पण आपला प्रवास सोडून तिथे मुक्काम ठोकला नाही. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहणाऱ्याला नीतिसूत्रांचा सहावा अध्याय काय सांगतो, तेही वाचा. एकमेकांची ओझी वाहा, हे सगळ्यांना पाठ असतं. ते ज्यात आहे त्या गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात, तीनच वचनं पुढे, ज्याने त्याने आपला भार वाहावा असंही आहे, त्यावर उपदेश मी अजून ऐकलेला नाही.

आणि आपल्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचा. त्यांच्या पतीचा, टिळकांचा, हात देताना आखडत नसे. त्या उदारपणाचं कौतुक आपण करतो. संसार कसा चालायचा याचा घोर बाईंनी वाहिला.

जामीनदाराने भरलेले पैसे कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क त्याच करार कायद्याच्या १४५ व्या कलमात आहे, म्हणून प्रत्येक पावती जपा. पाळकसाहेब म्हणाले, करिंथकरांस पहिल्या पत्रात भावाने भावावर फिर्याद करू नये असं आहे. त्याच ठिकाणी भावाला लुबाडणाऱ्यांनाही पौलाने झापलं आहे, ते त्यांनी वगळलं. माझे कागद वकिलाकडे आहेत.