गावचे मानकरी आणि नागरिकशास्त्राचा पाठ
(इयत्ता पाचवी ते सातवीच्या शिक्षकांकरिता)

‘मानकरी’ हा शब्द ग्रामीण मुलास शाळेत येण्यापूर्वीच ठाऊक असतो. होळी प्रथम कोणी पेटवावी, पोळ्याच्या दिवशी वेशीतील तोरणाखालून कोणाची बैलजोडी आधी निघावी, जत्रेत पालखीला पहिला खांदा कोणाचा, हे गावात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. हा मान घराण्याचा असतो. तो मिळविण्यासाठी त्या घरातील मुलाला काही करावे लागत नाही, आणि दुसऱ्या घरातील मुलाने काहीही केले तरी तो त्याला मिळत नाही. अशा वातावरणातून आलेल्या विद्यार्थ्यापुढे जेव्हा शिक्षक ‘समाजकार्याबद्दल सन्मान’ हा विषय मांडतात, तेव्हा त्याच्या मनात जुन्याच अर्थाचे चित्र उभे राहते : मान मोठ्या माणसांचा असतो आणि ती माणसे आपल्या आळीत राहत नाहीत. हा पाठ घ्यावयाचा तो प्रथमतः हा समज हलविण्यासाठी.

शाळेतील समारंभही या समजास पुष्कळदा खतपाणी घालतात, हे नमूद करणे भाग आहे. २६ जानेवारीस शाल व श्रीफळ कोणाला दिले जाते? बहुधा पंखा, घड्याळ किंवा रोख रक्कम देणाऱ्याला. दात्याचा सत्कार गैर नव्हे. पण उन्हाळाभर शाळेच्या आवारातील झाडांना घरून घागरी आणून पाणी घालणाऱ्या बाईंचे नाव त्या यादीत नसते, हे मुले पाहत असतात. जे डोळ्यांना दिसते तेच त्यांच्या लक्षात राहते. पुस्तकातील धडा त्यापुढे टिकत नाही.

पाठाच्या आरंभी शासकीय सन्मानांची थोडी माहिती द्यावी. तीत फार वेळ घालवू नये. ‘भारतरत्न’ व ‘पद्म’ सन्मान १९५४ मध्ये सुरू झाले. १९७७ ते १९८० या काळात ते बंद होते. पद्म सन्मानांची नावे दरवर्षी प्रजासत्ताकदिनाच्या सुमारास जाहीर होतात. येथे एक मुद्दा मात्र शिक्षकांनी नीट समजून घ्यावा. आपल्या संविधानाच्या अठराव्या अनुच्छेदाने राज्यसंस्थेने किताब देण्यास मनाई केली आहे. अपवाद लष्करी व विद्याविषयक सन्मानांचा. मग ‘पद्मश्री’ हा किताब नव्हे काय? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आणि १९९५ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की हे सन्मान किताब नाहीत. म्हणूनच ते नावाच्या मागे किंवा पुढे जोडता येणार नाहीत. निमंत्रणपत्रिकांवर व फलकांवर ‘पद्मश्री अमुक’ असे सर्रास छापलेले आढळते. निदान शाळेच्या फळ्यावर तरी ते तसे लिहू नये. ‘रावबहादूर’ आणि ‘पद्मश्री’ यांतील भेद सातवीच्या मुलांना या एका गोष्टीवरून चांगला कळतो. रावबहादूर ही पदवी नावाला चिकटे. पद्म हा एखाद्या कामाबद्दल दिलेला सन्मान आहे, तो माणसाचे नाव बदलत नाही.

आता उदाहरणे. जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेल्या यादीत तीन ग्रामीण व्यक्तींची नावे अशी आहेत की, ती एकत्र घेतल्यास पाठ आपोआप उभा राहतो : हिवरे बाजारचे पोपटराव पवार, कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आणि कर्नाटकातील हरेकळ हाजब्बा. पहिली दोन गावे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील आहेत.

हिवरे बाजार हे नगर तालुक्यातील पर्जन्यछायेतील गाव. वर्षाचा पाऊस सर्वसाधारणपणे ४०० मिलिमीटर किंवा त्याहून कमी. १९७२ च्या दुष्काळानंतर डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, माणसे कामासाठी बाहेर पडली, दारू व भांडणे वाढली. सरकारी नोकराची या गावी बदली म्हणजे शिक्षाच समजली जाई. शिक्षकवर्गास यातील मर्म वेगळे सांगावयास नको. १९९० च्या सुमारास गावाने पोपटराव पवार या पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या तरुणास सरपंच केले. पुढे राज्य शासनाच्या आदर्श गाव योजनेत गावाचा समावेश झाला. श्रमदान, नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी व कुटुंबनियोजन ही सूत्रे ग्रामसभेने स्वीकारली. डोंगरउतारावर समतल चर खोदले गेले, बंधारे झाले, झाडे लावली गेली. शेतीसाठी विंधनविहिरी घेऊ नयेत, ऊस व केळी यांसारखी अतिशय पाणी पिणारी पिके घेऊ नयेत, हेही गावानेच ठरविले. बाहेर गेलेली कित्येक कुटुंबे परत आली. गावात पूर्वी दिवसाला सुमारे १५० लिटर दूध निघे, ते पुढे ४,००० लिटरच्या घरात गेले.

एवढे सांगून बहुतेक शिक्षक थांबतात आणि ‘थोर पुरुष’ असा शेरा मारून पुढील धड्याकडे वळतात. वस्तुतः शिकविण्याजोगा भाग येथूनच सुरू होतो. चराईबंदी म्हणजे काय, हे वर्गात विचारावे. ज्याच्याकडे दहा एकर जमीन आहे त्याला डोंगरावर गुरे न सोडण्याने फारसे बिघडत नाही. ज्याच्याकडे जमीन नाही आणि चार शेळ्या आहेत, त्याला ती बंदी किती जड गेली असेल? डोंगरावरील गवत कापून आणण्यास मोकळीक होती. परंतु शेळी मोकळी चरते, तिला भारे आणून घालणे निराळे. म्हणजे सन्मान एका व्यक्तीचा झाला तरी त्याच्या मुळाशी अनेकांची झीज आहे, आणि ती झीज सर्वांची सारखी नाही. ग्रामसभेत अशा माणसाचे म्हणणे कसे ऐकावे, त्याची भरपाई कशाने करावी, यावर मुलांना बोलू द्यावे. ज्या वर्गात धनगराचे किंवा शेळीपालन करणाऱ्या घराचे मूल आहे तेथे ही चर्चा पुस्तकी राहणार नाही. शिक्षकाने मात्र न्यायाधीश होऊन निकाल देऊ नये.

गणिताच्या तासाशी या उदाहरणाची सांगड उत्तम बसते. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी झाले. हिवरे बाजारचे क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर. ४०० मिलिमीटर पाऊस झाला तर गावाच्या शिवारात किती पाणी पडले? उत्तर ३९० कोटी ८० लाख लिटर येते. एवढा आकडा पाहून मुलांना वाटेल की टंचाई कसली? तेव्हा त्यांना सांगावे की यातील मोठा भाग वाफ होऊन किंवा वाहून जातो. हाती उरते ते थोडे. त्या थोड्याचा हिशेब हिवरे बाजारचे लोक दरवर्षी मांडतात : आधी माणसांचे व जनावरांचे पिणे, मग उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यावयाची ते ठरते. पाऊस कमी झाला तर अधिक पाण्याचे पीक त्या वर्षी बाद. हाच हिशेब विद्यार्थ्यांनी आपल्या गावाच्या क्षेत्रावर करावा. क्षेत्राचा आकडा तलाठ्याकडे मिळतो, आणि तो आणण्यासाठी मुलांना चावडीवर जावे लागणे हाही नागरिकशास्त्राचाच भाग आहे. नेतृत्व म्हणजे भाषण नव्हे, असा उपदेश करण्याऐवजी हा ताळेबंद करून घेतलेला बरा.

राहीबाईंचे उदाहरण वेगळ्या जातीचे आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावच्या त्या महादेव कोळी समाजाच्या शेतकरी. शाळा त्यांच्या वाट्याला आली नाही. बाजारच्या संकरित बियाण्याने व औषधफवारणीने पिकविलेले धान्य-भाजीपाला घरात येऊ लागला आणि मुले आजारी पडू लागली, असे त्यांचे निरीक्षण. त्यांनी जुनी देशी बियाणी गोळा करण्यास आरंभ केला. वाल, घेवडा, भात, नाचणी, रानभाज्या असे होत होत चाळीसहून अधिक वाण त्यांच्या घरी जमले. पुढे बाएफ संस्थेच्या साहाय्याने तेथे बियाणे बँक उभी राहिली व परिसरातील स्त्रिया त्या कामाशी जोडल्या गेल्या. डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी त्यांना ‘बीजमाता’ म्हटले आणि ते नाव रूढ झाले.

ही बँक बियाणे उसने देते आणि हंगामानंतर दुप्पट परत घेते. येथे शिक्षकाने थांबून वर्गाला एक प्रश्न टाकावा. पूर्वी सावकारही धान्य सवाईने आणि दिढीने देत असे. एक पायली नेली की सव्वा किंवा दीड पायली परत. राहीबाई तर दुप्पट घेतात. मग सावकाराला आपण शिव्या देतो आणि यांना सन्मान देतो, ते कसे? मुले प्रथम गोंधळतील. त्यांना गोंधळू द्यावे. हळूहळू कोणी तरी म्हणेल की, परत आलेले बी दुसऱ्या शेतकऱ्याला जाते, कणगीत साठून राहत नाही. हे उत्तर मुलाच्या तोंडून येईपर्यंत शिक्षकाने धीर धरावा. पाचवीत ते न आल्यास सातवीत येईल. त्यानंतर घराघरांतून मूठभर वाल किंवा घेवडा आणावयास सांगावे. बी राखेत ठेवले होते, मडक्यात होते की कडुलिंबाच्या पाल्यात, आणि ते घरात कोण राखते, हे विचारून लिहून आणण्यास सांगावे. ‘कोण राखते’ या रकान्यात बहुतेक ठिकाणी आजीचे किंवा आईचे नाव येईल. ज्या आजीला सही करता येत नाही तिचे नाव शाळेच्या वहीत पहिल्यांदाच लिहिले जाईल, आणि नातवाच्या हस्ताक्षरात लिहिले जाईल.

हाजब्बांची हकीकत शिक्षकांच्या अधिक जवळची असूनही येथे थोडक्यातच देता येईल. मंगळूर शहरात ते टोपलीतून संत्री विकत. परदेशी प्रवाशांनी इंग्रजीत भाव विचारला आणि त्यांना उत्तर देता आले नाही. ती लाज त्यांनी मनात ठेवली आणि ज्या गावात शाळाच नव्हती तेथे, न्यूपडपू येथे, रोजच्या मिळकतीतून पैसा बाजूला टाकीत व कार्यालयांचे उंबरे झिजवीत सन २००० च्या सुमारास शाळा उभी केली. आरंभीची पटसंख्या २८ होती. सन्मानाची वार्ता आली तेव्हा ते रास्त भावाच्या दुकानापुढील रांगेत उभे होते. स्वतः निरक्षर माणसाने उभारलेल्या शाळेची ही गोष्ट पटनोंदणीच्या पंधरवड्यात पालकसभेत सांगण्यास विशेष उपयोगी आहे.

या तीन हकीकतींनंतर मुलांनी आपल्या गावाकडे वळावे. प्रत्येक गटाने गावातील एका अशा व्यक्तीची माहिती आणावी, जिने मोबदला न घेता दीर्घकाळ काही सार्वजनिक काम केले आहे. अडलेल्या बाळंतिणीला रात्री-अपरात्री दवाखान्यात पोहोचविणारा जीपवाला, स्मशानाची वाट दरवर्षी साफ करणारा वृद्ध, भजनी मंडळाची जमाखर्चाची वही वीस वर्षे चोख ठेवणारा शिंपी, अशी माणसे प्रत्येक गावात असतात. माहिती लिहिताना एक बंधन घालावे : विशेषण लिहावयाचे नाही. ‘थोर’, ‘निःस्वार्थी’, ‘आदर्श’ हे शब्द मुले निबंधाच्या पुस्तकांतून उचलतात व त्यांच्या आड काहीच पाहत नाहीत. काय केले, केव्हापासून, किती वेळा, कोणाच्या मदतीने, आणि कोणती अडचण आली, एवढेच लिहावे. विशेषणे गेली म्हणजे क्रियापदे शोधावी लागतात. त्यासाठी त्या माणसाच्या दारात जाऊन बसावे लागते.

येथे काही सावधगिरी अवश्य आहे. गावात तट असतात. मुलांनी निवडलेली व्यक्ती एका तटाची ठरून दुसऱ्या तटाने शाळेत येऊन जाब विचारणे, हा प्रकार अनेक गावांत घडण्यासारखा आहे. यास्तव ग्रामपंचायत निवडणुकीच्या वर्षी हा उपक्रम निवडणूक आटोपल्यावरच घ्यावा. विद्यमान पदाधिकारी व उमेदवार यांना यादीतून वगळावे, व तसे आधीच सर्वांस सांगून ठेवावे. निवड एका आळीतून होऊ नये. वस्ती, वाडी, पाडा यांतून माहिती येईल अशा रीतीने गट पाडावेत. ज्यांच्याविषयी लिहावयाचे त्यांची संमती घ्यावी. कित्येकांना आपले नाव पुढे आलेले आवडत नाही, आणि तसे असल्यास काम लिहावे, नाव लिहू नये. सत्काराची घाई तर मुळीच करू नये. सत्कार ठरला की फोटो आला, फोटो आला की कोणी कोठे बसावे हा प्रश्न आला, आणि त्यात मुलांचा अभ्यास हरवतो.

माणसाऐवजी गावालाच मान मिळण्याची उदाहरणेही सांगावीत. राज्यात २०००-०१ पासून संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. त्यातील बक्षीस ग्रामपंचायतीला मिळते, व्यक्तीला नाही. ज्या गावाला असे बक्षीस मिळाले असेल तेथील मुलांनी ते कोणत्या वर्षी मिळाले, त्या पैशातून काय बांधले गेले आणि ते आज कोणत्या स्थितीत आहे, हे पाहून यावे. बंद पडलेले स्वच्छतागृह आढळल्यास तेही जसे आहे तसे लिहावे.

या सर्व माहितीसाठी शाळेत एक जाड बांधणीची वही करावी. प्रत्येक व्यक्तीस दोन पाने द्यावीत; उजवे पान यंदा लिहावे व डावे कोरे ठेवावे. पुढील वर्षाच्या वर्गाने त्याच घरी पुन्हा जाऊन ते काम अद्याप चालू आहे काय, ती व्यक्ती थकली असल्यास कोणी हाती घेतले काय, हे डाव्या पानावर नोंदवावे. वही मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद न ठेवता वर्गात, मुलांच्या हाताला लागेल अशा ठिकाणी ठेवावी.