वाकड्या पानफुटीनं शिकवलेल्या सात गोष्टी

तुमसरला आमच्या घरी, छपरीत, बऱ्याच वर्षांपासून एक पानफुटी आहे. दांडा दोनदा वळलेला, खालची पानं गळलेली, उरलेल्या पानांवर तपकिरी डाग. शेजारच्या काकी म्हणतात, "काहून ठेवलं वं हे वाकडं झाड? नवं आण ना." मला ते बदलावंसं कधी वाटलं नाही. त्याच्या सहवासात जे समजलं, ते असं:

१. वाकडेपणाला कारण असतं. आमच्या छपरीत उजेड एकाच बाजूनं येतो. मग दांड्याच्या सावलीकडच्या पेशी जास्त लांबतात आणि झाड उजेडाकडे झुकतं. घराच्या रंगकामात कुंडी फिरली आणि तशीच राहिली, दुसरं वळण तेव्हाचं. आठवड्याला कुंडी थोडी फिरवत राहिलं तर नवी वाढ सरळ होते. पण जून झालेला भाग आपलं वळण सोडत नाही. काठीला बांधून त्याला ताठ करू नये, मोडतो. कुंडी कलंडू नये म्हणून तळाशी जड दगड ठेवावा, एवढं पुरे.

२. धानाची माती पानफुटीला चालत नाही. आमच्या बांध्यांमधली माती पाणी धरून ठेवते. धानाला ते हवं असतं, पण जाड पानांच्या झाडाची मुळं त्यात कुजतात. मी थोडी माती, थोडी वैनगंगेची जाड रेती आणि राईस मिलमधलं जळलेलं काळं तूस असं मिसळते. कुंडीत पाणी ओतलं की लगेच खालच्या भोकातून बाहेर यायला हवं.

३. तहान पानाला विचारावी. पान मऊ पडून सुरकुतलं, तर पाणी हवं. पान पिवळं, पारदर्शक आणि पिचपिचीत झालं, तर पाणी जास्त झालंय. दोन्ही वेळा झाड मलूल दिसतं, म्हणून हात लावून पाहावं. पावसाळ्यात हवाच इतकी ओली असते की कुंडी आत सरकवून पाणी जवळजवळ बंद करावं. उन्हाळ्यात कूलरच्या ओल्या झोतासमोर ती ठेवू नये.

४. डाग म्हणजे सोसलेला उन्हाळा. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. दुपारचं ऊन लागलेल्या पानावर पडलेला डाग पुन्हा हिरवा होत नाही, पण बाकीचं पान काम करत राहतं. म्हणून डागाळलेलं पान तोडू नये. एवढ्या उन्हात ही झाडं टिकतात, कारण त्यांच्या पानांवरची रंध्रं मुख्यतः रात्री उघडतात आणि पाणी वाचतं. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठतो आणि दिवसा वापरला जातो. सकाळी आंबट लागणारं पानफुटीचं पान दुपारपर्यंत बेचव होतं, हे भारतात काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइने यांनी टिपलं. त्यांची नोंद लंडनच्या लिनियन सोसायटीनं १८१५ मध्ये छापली. पुढे विज्ञानानं या प्रक्रियेचा उलगडा केला, त्यात या पानफुटीचाही वाटा आहे.

५. फुलायला काळोख लागतो. हिवाळ्यात रात्री लांबल्या की उंच दांड्यावर हिरवट-लालसर, घंटेसारखी फुलं लोंबतात. रात्रभर दिव्याखाली ठेवलेली कुंडी फुलायला कुचराई करते. फुलून गेलेला दांडा वाळतो. तो कापला की बुडातून नवा फुटवा येतो आणि झाडाचा आकार पुन्हा बदलतो.

६. जीव लावताना जपावंही. आपल्याकडे मुतखड्यावर पानफुटीचं पान खातात. पण या झाडात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. पानफुटीच्या कुळातली झाडं खाऊन ऑस्ट्रेलियात गुरं दगावली आहेत. म्हणून गाई-शेळ्यांच्या तोंडाला कुंडी येऊ देऊ नये आणि वैद्याला किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय पान पोटात घेऊ नये.

७. गळलेलं पान वाटून टाकावं. ओल्या मातीवर नुसतं ठेवलं तरी पानाच्या काठावरच्या खाचांतून इवली रोपं निघतात. प्रत्येकाला दोन पानं आणि केसासारखी पांढरी मुळं. जर्मन कवी गटे यांना या झाडानं भुरळ घातली होती, ते मित्रमैत्रिणींना त्याची पानं पाठवत. मीही पाठवते. माझ्या बहिणीकडे, गच्चीच्या उन्हात, याच झाडाचं रोप बुटकं, घट्ट आणि लाल काठांचं झालंय. भाच्याच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये ते लांब मानेचं, फिक्कं आहे. पानातून निघालेली ही रोपं आईची हुबेहूब नक्कल असतात, बियाण्याचा फरक त्यांच्यात नसतो. तरी एकही दुसऱ्यासारखं दिसत नाही. म्हणजे ज्याला आपण झाडाचं व्यंग म्हणतो, ते त्या घरातला उजेड, पाणी आणि ऊन यांनी घडवलेलं रूप असतं. म्हणून पान देताना मी प्रत्येकाला सांगते: हे माझ्या झाडासारखं होणार नाही, तुमच्या घरासारखं होईल. तसंच होऊ द्या.