भाड्याचा संगणक आणि आपले केसपेपर



मी व्यवसायाने शल्यविशारद. संगणकशास्त्राशी माझा संबंध एका सामान्य वापरकर्त्याइतकाच. तरीही यंदाच्या स्मरणिकेसाठी हा विषय निवडला, याला एक प्रसंग कारणीभूत आहे.

भालकी तालुक्यातील माझे रुग्णालय वीस खाटांचे. आपण सर्वजण जाणता की आपल्याकडे रुग्ण येतो तो सीमा पाहून नव्हे. देवणी, उदगीर, निलंगा येथील माणसे बीदर-भालकीला येतात. उमरग्याची बसवकल्याणला, तर आळंदची सोलापूरलाही जातात. काही वर्षांपूर्वी वळवाच्या पावसात वीज पडली आणि रुग्णालयाचा मुख्य संगणक जळाला. नोंदींची दुसरी प्रत आम्ही घेत होतो, पण ती त्याच पेटीतल्या दुसऱ्या डिस्कवर. दोन्ही एकाच क्षणी गेल्या. चार वर्षांचे केसपेपर नाहीसे झाले.

त्यानंतर दोन महिन्यांनी देवणीकडील एका खेड्यातून एक तरुणी रात्री अकरा वाजता आली. गर्भनलिका फुटून पोटात रक्तस्राव चाललेला. पूर्ण भूल देणे भाग होते, आणि अशा घाईच्या वेळी श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी स्कोलीन देण्याची आमची पद्धत. औषध सिरिंजमध्ये भरले जात असता दाराशी उभी असलेली तिची आई म्हणाली, "साहेब, मागच्या टायमाला हिला शुद्धीवर यायला लई येळ लागला होता." भूलतज्ज्ञांनी हात आवरला आणि औषध बदलले. तीन वर्षांपूर्वी आमच्याच रुग्णालयात अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेत स्कोलीननंतर तिचा श्वास कित्येक तास परतला नव्हता. ती नोंद जळालेल्या संगणकात होती, आणि डिस्चार्ज कार्ड घरात पाणी शिरून केव्हाच खराब झालेले. ती बाई बचावली. परंतु आईची स्मरणशक्ती ही काही रुग्णालयाची नोंदपद्धती होऊ शकत नाही. तेव्हापासून मी या विषयाचा अभ्यास करू लागलो.

क्लाउड म्हणजे काय?

नाव ढगाचे असले तरी यात आकाशातले काही नाही. कोणीतरी मोठी इमारत बांधून तीत हजारो संगणक, अखंड वीज, शीतकरण आणि वेगवान जोडण्या ठेवतो व त्यातला आपल्याला लागेल तेवढा भाग भाड्याने देतो. एका प्रत्यक्ष संगणकाचे सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक आभासी संगणक करता येतात. आपल्या वाट्याला येतो त्यांपैकी एक. अ‍ॅमेझॉन कंपनीने २००६ च्या मार्चमध्ये साठवणुकीची जागा आणि ऑगस्टमध्ये संगणक अशा रीतीने देण्यास प्रारंभ केला. पहिल्या लहान संगणकाचे भाडे तासाला १० अमेरिकी सेंट होते. आज अशी केंद्रे आपल्यापासून दूर नाहीत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, तर अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि २०२२ मध्ये हैदराबादेत आपली केंद्रे सुरू केली.

या सेवेचे तीन प्रकार आपल्या भाषेत असे सांगता येतील. रिकामी इमारत वीज-पाण्यासह भाड्याने घेतली आणि खाटा, यंत्रे, माणसे आपली आणली, तर तो पहिला प्रकार. यालाच पायाभूत सुविधांची सेवा म्हणतात. दुसऱ्याचे सुसज्ज शस्त्रक्रियागृह तासावर घेऊन तेथे आपली शस्त्रक्रिया केली, तर तो दुसरा. रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून केवळ अहवाल घेतला, तर तो तिसरा. लहान दवाखान्याला बहुधा तिसरा प्रकार, म्हणजे तयार सॉफ्टवेअर, पुरेसा होतो. परंतु क्ष-किरण, सोनोग्राफी व सीटीच्या प्रतिमा साठवणाऱ्या रुग्णालयाला पहिला प्रकार समजून घेणे अगत्याचे आहे.

लवचीकपणा कशासाठी?

बीदरच्या नौबाद भागातील सुरंगबावी आपण पाहिली असेल. बहामनी काळात जमिनीखालून पाण्याचा मार्ग खोदून त्यावर जागोजागी उभ्या विहिरी घेतल्या गेल्या. प्रत्येकाने आपली वेगळी विहीर न खणता सामाईक प्रवाहातून हवे तेवढे पाणी घ्यावे, ही त्यामागील कल्पना. क्लाउडचे तत्त्व याहून फारसे निराळे नाही.

याचे मोठे उदाहरण आपण सर्वांनी अनुभवले आहे. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात कोविड लसीकरण सुरू झाले आणि त्याच्या नोंदी कोविन या क्लाउडवरील व्यवस्थेत होऊ लागल्या. १७ सप्टेंबर २०२१ या एकाच दिवशी अडीच कोटींच्या आसपास मात्रांची नोंद झाली. एवढ्या एका दिवसासाठी संगणक विकत घेतले असते तर उरलेले वर्षभर ते धूळ खात पडले असते. आपल्या रुग्णालयातही डेंग्यूच्या दिवसांत नोंदी दुप्पट होतात आणि उन्हाळ्यात ओसरतात. भाड्याच्या संगणकाची क्षमता त्याप्रमाणे वाढवता व घटवता येते.

आपला हिशेब

समजा, रोज १५ क्ष-किरण प्रतिमा काढल्या आणि प्रत्येक प्रतिमा २० मेगाबाइटची धरली, तर दिवसाला ३०० मेगाबाइट, महिन्याला ९ गिगाबाइट आणि वर्षाला सुमारे १०८ गिगाबाइट होतात. इंटरनेटचा वर पाठवण्याचा वेग सेकंदाला १० मेगाबिट असेल, तर दिवसाची भर चार-पाच मिनिटांत पोहोचते. हे काम रात्री आपोआप होऊ शकते. मात्र त्याच वेगाने वर्षाचा सगळा साठा परत आणायला जवळजवळ एक अहोरात्र लागेल. म्हणून आपत्तीच्या वेळी प्रथम आजच्या रुग्णांच्या नोंदी आणि नंतर जुन्या प्रतिमा, असा क्रम आधीच ठरवून ठेवावा.

भाड्यातल्या दोन छुप्या बाबीही ध्यानात ठेवाव्यात. वापरात नसलेला आभासी संगणक बंद केला नाही, तर भाडे चढतच राहते. आणि साठवलेली माहिती बाहेर काढण्यासाठी अनेक कंपन्या वेगळे शुल्क घेतात. चोवीस तास, बाराही महिने एकाच क्षमतेने चालणाऱ्या कामासाठी स्वतःचा संगणक कधी कधी स्वस्त पडतो.

जबाबदारी कोणाची?

येथेच बहुतेकांची गफलत होते, माझीही झाली असती. घरमालक भिंती, वीज आणि पाणी देतो. शस्त्रक्रियागृहाचे निर्जंतुकीकरण आपल्यालाच करावे लागते. त्याचप्रमाणे इमारतीची राखण कंपनी करते, परंतु पासवर्ड, कोणाला काय पाहता यावे याचे अधिकार, सॉफ्टवेअरची अद्ययावतता आणि दुसरी प्रत ही कामे आपली. २०१४ मध्ये कोड स्पेसेस नावाच्या कंपनीच्या क्लाउड खात्यात घुसखोराने प्रवेश मिळवून मूळ माहिती व बहुतांश प्रती पुसून टाकल्या. सर्व काही एकाच खात्यात असल्याने ती कंपनीच बंद पडली. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या केंद्राला आग लागली. ज्यांच्या प्रती त्याच परिसरात होत्या, अशा ग्राहकांनी त्या कायमच्या गमावल्या. माझ्या जळालेल्या पेटीहून ही गोष्ट वेगळी नाही, आकार तेवढा मोठा.

उलट, संगणक स्वतःच्या आवारात आहेत म्हणून माहिती सुरक्षित, असेही समजू नये. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर खंडणीखोरांच्या हल्ल्यात निकामी झाले आणि देशातील या अग्रगण्य संस्थेला सुमारे दोन आठवडे कागदावर कामकाज चालवावे लागले.

कायदाही हेच सांगतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी अंतर्रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जतन करण्याचे आणि मागणी केल्यास ७२ तासांत देण्याचे बंधन घातले. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानुसार, काम दुसऱ्या कंपनीकडे सोपवले तरी माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्याचीच, म्हणजे आपलीच राहते.

काय करावे?

१) प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती ठेवाव्यात, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी असावी. क्लाउड ही ती दुसऱ्या गावची प्रत.

२) आपल्या भागात वीज व इंटरनेट दोन्ही जातात. म्हणून चालू नोंदींची प्रत रुग्णालयातही असावी.

३) साठा भारतातील केंद्रातच राहील, आणि करार संपल्यावर आपली माहिती सर्वमान्य स्वरूपात परत मिळेल, हे लेखी घ्यावे.

४) एकच पासवर्ड सर्वांनी वापरू नये. नोकरी सोडून गेलेल्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे.

५) तीन महिन्यांतून एकदा एखादी जुनी नोंद प्रतीतून प्रत्यक्ष परत काढून पाहावी. जी प्रत उघडून पाहिली नाही, ती आहे असे धरू नये.

६) औषधाची वावडी आणि भुलेतील अडचणी रुग्णाच्या हाती कागदावरही द्याव्यात, आणि शक्यतो त्याला वाचता येईल अशा भाषेत, मग ती मराठी असो वा कन्नड.

नौबादच्या सुरंगबावीच्या उभ्या विहिरींत पुढे गाळ व कचरा साचला आणि त्या उपसून स्वच्छ कराव्या लागल्या. सामाईक सोय उत्तम खरी, पण आपापल्या तोंडाशी निगा ज्याची त्यानेच राखायची असते.

त्या तरुणीची नोंद आज तीन ठिकाणी आहे. पहिली माझ्या रुग्णालयात, दुसरी भाड्याच्या संगणकावर, आणि तिसरी तिच्या आईने प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याजवळ ठेवलेल्या कार्डावर. या तिन्हींपैकी एकही कमी मोलाची आहे, असे मला वाटत नाही.