शांतिपाठातील पहिला प्रश्न

सज्जनहो, यादवीने दुभंगलेले गाव साधूने सांधावे कसे, हा पाठ आज घेऊ. निजामी संपली तरी तेलंगणात जमिनीवरून सशस्त्र झगडा पेटलेलाच होता. दिवसा पोलिसांचे भय, रात्री कम्युनिस्टांचे. १९५१ च्या एप्रिलात पवनारचे विनोबा तेथे पायी फिरले. पोचमपल्लीच्या दलित वस्तीत त्यांनी उपदेश केला नाही. तुम्हांला काय हवे, एवढेच विचारले. उत्तर आले, ऐंशी एकर जमीन. ते त्यांनी गावापुढे मांडले, तो रामचंद्र रेड्डी शंभर एकर देऊन मोकळे झाले. पुढे भूदानातील बरीच जमीन पडीक निघाली, हे लपवू नये. पण प्रश्न बरोबर होता.

आम्ही मात्र चुकलो. मे २०२३ मध्ये अकोल्यात दंगल झाली. त्यानंतरच्या कीर्तनात आम्ही तासभर क्षमेवर बोललो. उठताना एक आजी पाया पडून म्हणाली, “बुवा, माह्या पोराचा हातगाडा जयला. त्याले कोनं इचारलं काय?”

आम्ही निरुत्तर.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेलो. पोरगा आधी दारच उघडेना. उघडले तेव्हा ओट्यावर बसून त्याचेच ऐकले. गाड्याची किंमत त्याने सांगितली, पेटवणाऱ्याचे नावही. नाव त्याच्याच गल्लीतले. त्या घरीही आम्हांस जायचे आहे.